आमची वाटचाल: सरळ रेषेचा मोह

आमच्या कंपनीत सहा माणसं आहेत. आम्ही यंत्र बनवत नाही, ईसीजी यंत्र बनवणाऱ्यांना त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहून देतो. इलेक्ट्रोडमधून आलेला सिग्नल स्वच्छ करायचा, त्यातले ठोके ओळखायचे, लय कुठे बिघडली ते सांगायचं. यंत्रावर नाव दुसऱ्याचं असतं, त्यामुळे "तुम्ही नक्की करता काय?" हा प्रश्न घरच्यांनासुद्धा अजून पडतो.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. मी दूरसंचार क्षेत्रातला, तर माझी भागीदार रुग्णालयांतली उपकरणं दुरुस्त करणारी. दूरसंचारात पाठवणारंही आपलंच असतं. सिग्नल कसा असावा हे आधी ठरवता येतं. हृदय कुणाला विचारून सिग्नल पाठवत नाही. छातीवर येईपर्यंत तो जेमतेम एक मिलिव्होल्टचा राहतो आणि त्यावर विजेच्या तारांची 50 किंवा 60 हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांची) गुणगुण, स्नायूंची थरथर आणि श्वासाबरोबर वरखाली होणारी आधाररेषा (दोन ठोक्यांमधली मूळ रेषा) असं सगळं चढून बसतं. स्नायूंच्या नॉइजचे आणि ठोक्याचे काही हर्ट्झ तर सामाईकच असतात. एक कापायला गेलात की दुसरं थोडं कापलं जाणारच. हे मला कळत होतं, पण उमजायला काही वर्षं गेली.

ठोके ओळखण्यासाठी आम्ही पॅन आणि टॉम्पकिन्स या संशोधकांची 1985 ची पद्धत घेतली. साधारण 5 ते 15 हर्ट्झचा पट्टा ठेवायचा, रेषेचा उतार काढायचा, त्याचा वर्ग करायचा (म्हणजे मोठे बदल आणखी मोठे दिसतात), मग 150 मिलिसेकंदांच्या खिडकीतून बेरीज घ्यायची आणि आपोआप बदलणाऱ्या उंबरठ्याशी ताडून पाहायची. लहानशा प्रोसेसरवरही सुखाने चालते. तपासणीला एमआयटी-बीआयएच हा ईसीजी रेकॉर्डांचा संग्रह होता. 1980 पासून उपलब्ध असलेला, 47 जणांची अर्ध्या अर्ध्या तासाची 48 रेकॉर्डं, तज्ज्ञांनी एकेक ठोका बघून लावलेल्या सुमारे 1 लाख 10 हजार खुणा. आमचा निकाल 99 टक्क्यांच्या वर गेला आणि आम्ही स्वतःवर खूष झालो.

पहिल्याच प्रात्यक्षिकात एका रुग्णाची नाडी 72 आणि आमच्या पडद्यावर 144. त्यांची टी लहर (ठोक्याच्या उसळीनंतर येणारी छोटी लहर) उंच होती, आम्ही तिला दुसरा ठोका समजत होतो. आधीच्या ठोक्यानंतर 360 मिलिसेकंदांच्या आत काही आलं, तर त्याचा उतार तपासा, आधीच्या ठोक्याच्या उताराच्या निम्म्याहून कमी असेल तर ती टी लहर, असा नियम मूळ पद्धतीत होता. "नंतर बघू" म्हणून तो मीच गाळला होता.

खरी चपराक मात्र पुढच्या वर्षी बसली. आमची आधाररेषा तेव्हा पट्टीने आखल्यासारखी सरळ यायची आणि विक्रीची सगळी भिस्त त्यावरच होती. एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी एकाच रुग्णाच्या दोन यंत्रांवरच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या. आमच्या पट्टीत एसटी भाग, म्हणजे ठोक्याची उसळी आणि टी लहर यांच्यामधला तुकडा, जवळजवळ एक मिलिमीटर खाली होता. एक मिलिमीटर म्हणजे 0.1 मिलिव्होल्ट. तेवढ्या फरकाने "हृदयाला रक्त कमी पडतंय का?" ही शंका उभी राहते. रुग्णाला काही झालं नव्हतं. आम्ही रेषा सरळ करायला 0.5 हर्ट्झचा, म्हणजे त्याहून संथ हालचाल कापणारा, साधा फिल्टर लावला होता. ठोक्याच्या उंच उसळीनंतर असा फिल्टर रेषेला उलट्या बाजूला ओढतो, ते ओढणं नेमकं एसटीवर पडतं. म्हणूनच निदानाच्या पट्टीसाठी 0.05 हर्ट्झ हा आकडा पूर्वापार रूढ आहे. बाई एवढंच म्हणाल्या, "मला हलणारी रेषा चालेल, खोटी नको."

आम्ही तो भाग नव्याने लिहिला. साठवलेल्या रेकॉर्डवर फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवला की लहरींचे भाग पुढेमागे सरकून आकार बिघडण्याचा दोष जातो. पण जिवंत पडद्यावर ही चैन नाही, पुढचा सिग्नल आलेलाच नसतो. तिथे आम्ही रेषा थोडी डुलू देतो. यावर एका ग्राहकाने आमचं काम सोडलं. त्याला वाईट म्हणवत नाही, सरळ रेषा दुकानात चांगलीच दिसते.

मग न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रॅमची, लाट आली. आम्हीही शिरलो आणि पुन्हा तेच 99 टक्के. या वेळी भागीदाराला आधीच संशय आला. एकाच माणसाचे ठोके शिकवण्यातही होते आणि परीक्षेतही. नेटवर्क आजार ओळखण्याऐवजी माणसं ओळखत होतं. माणसंच वेगळी काढून परीक्षा घेतली, तर आकडा असा कोसळला की आठवडाभर कुणी त्याविषयी बोललं नाही. आता नव्या माणसाला कामावर घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, "परीक्षेतली माणसं कुठून आणलीत?"

हल्ली आमचं सॉफ्टवेअर सिग्नल खराब असेल तर आकड्याच्या जागी आडवी रेघ दाखवतं. हे पटवायला सगळ्यात जास्त बैठका लागल्या.

सध्या टेबलावर मनगटावर प्रकाश टाकून नाडी मोजणाऱ्या सेन्सरचं काम आहे. माणूस धावायला लागला की पावलांचा ठेका त्यात मिसळतो. त्वरणमापकाकडून (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरकडून) पावलांचा अंदाज घेऊन तो वजा करायचा; अशी नॉइजचा वेगळा अंदाज घेऊन ती वजा करणारी, स्वतःला जुळवून घेणारी पद्धत विड्रो हे अभियंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्येच मांडली होती. पण पावलं मिनिटाला 160 आणि हृदयही 160 च्या आसपास असेल, तर पावलांबरोबर हृदयही वजा होतं. गेले चार महिने आम्ही तिथेच अडकलोय.