दवबिंदूचा घोळ सुटला, आता येत्या आठवड्याचं बोलू

मंडळी, माझ्या पुण्यातल्या अंगणातले दोन सेन्सर, जुना आणि नवा, दुपारचा दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं तो आकडा) वेगवेगळा सांगत होते. खरा किती, हा वाद मिटला. जुना सेन्सर खोटं सांगतो, पण फक्त कोरड्या हवेत. येत्या आठवड्याचा अंदाज याच एका आकड्यापाशी अडून बसला होता, म्हणून आधी ही भानगड, मग वारे आणि वळीव.

मागच्या वेळी टाकलेला आलेख थोडक्यात असा. एकाच शील्डमध्ये (ऊन लागू न देणाऱ्या आवरणात) दोन सेन्सर, तापमान दोघांचं जवळजवळ सारखं. दुपारी अडीचला पारा ३७, जुना म्हणतो आर्द्रता ११ टक्के, नवा म्हणतो १६. पाच टक्क्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. पावसाळ्यात काहीच बिघडत नाही. २६ अंश आणि ८५ टक्क्यांना दोन टक्के इकडेतिकडे झाले तर दवबिंदू अर्ध्या अंशानेही हलत नाही. पण ३७ अंश आणि १५ टक्क्यांना तेच दोन टक्के दवबिंदू दोन अंशांनी हलवतात. त्यामुळे जुन्याच्या हिशेबाने माझा दवबिंदू २ च्या आसपास, नव्याच्या हिशेबाने ७. एकच अंगण, एकच हवा!

सगळ्यात डोकं खाल्लं ते संध्याकाळने. समुद्रावरचा वारा घाट चढून पुण्यात पोचला की दवबिंदू झपकन उसळतो (हंगामातली ही पहिली उसळी मिनिटामिनिटाच्या नोंदीत सापडली तेव्हा जो आनंद झाला तो इथल्याच लोकांना कळेल). आणि नेमके त्याच वेळी दोन्ही सेन्सर गळ्यात गळे घालून चालायला लागतात. बिघाड असेल तर तो दिवसभर दिसायला हवा, हा माझा हट्ट. म्हणून शील्डवर संशय घेतला, पंखा बदलला, वायर बदलली. फरक शून्य.

मग मिठाची चाचणी. साध्या मिठाचा ओलसर लगदा बंद बरणीत ठेवला की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हे आपल्याला पाठच आहे. जुना सेन्सर त्यात झोकात पास! इथेच बरेच जण थांबतात, आणि तिथेच फसगत होते, कारण ७५ ला बरोबर असणारा सेन्सर १५ ला बरोबर असेलच असं नाही. मॅग्नेशियम क्लोराईडचा लगदा सुमारे ३३ टक्के देतो. तो केला, रात्रभर ठेवला, आणि जुन्याने २९ दाखवले. नव्याने ३३. (हे रसायन घ्याल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. स्वस्तातलं मागवलं ते पुडीतच पाणी धरून आलं. चाचणीला चाललं, पण पुन्हा त्या विक्रेत्याकडे जाणार नाही.)

शेवटचा शिक्का मारला तो ओल्या बल्बने. गरगर फिरवायचा जुन्या पद्धतीचा सायक्रोमीटर (दोन तापमापक, एकाच्या बल्बवर ओलं कापड; हवा जितकी कोरडी तितका तो जास्त उतरतो), ना बॅटरी ना वायफाय. सावलीत फिरवला: कोरडा ३७, ओला १८.५. आपल्या उंचीवरचा हवेचा दाब धरून हिशेब केला तर आर्द्रता साडेपंधरा, दवबिंदू साडेसहा. जुना सेन्सर खरा असता तर ओला बल्ब १७ पर्यंत उतरायला हवा होता. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी पुढचं महागडं हवामान स्टेशन घेण्याआधी हे घ्यावं, असं माझं ठाम मत. मात्र कापड स्वच्छ हवं आणि पाणी शुद्ध, नाहीतर तेही थापा मारतं.

याचा अंदाजाशी संबंध काय? तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर गुणिले १२५ मीटर, हा आपला ढगाच्या तळाचा ठोकताळा. जुन्या आकड्याने तळ जमिनीपासून सुमारे ४.४ किलोमीटरवर, नव्याने ३.८ वर. दोन्ही उंचच. इतक्या उंचावरून पडलेला पाऊस वाटेतच सुकतो, खाली येतो तो नुसता थंड वारा आणि धुरळा. पण पूर्वेचं बाष्प आलं आणि दवबिंदू १४ झाला, तर तळ २.९ वर उतरतो. मग वळवाला अर्थ येतो.

आता येता आठवडा. सोमवार ते बुधवार वायव्येचे कोरडे वारे, आकाश निरभ्र. पुण्यावर ८५० हेक्टापास्कल दाबाच्या पातळीला (समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर वर) २७ ते २८ अंश दिसतायत. तिथून जमिनीपर्यंत नऊ-सव्वानऊ अंश मिळवा, तापलेल्या जमिनीसाठी वर एखादा. म्हणजे ३७ ते ३८. सोलापूरकडे त्याहून दोनेक जास्त. पहाटे मात्र गारवा टिकेल. कोकणात सोमवार-मंगळवारी खालच्या थरात पूर्वेचा वारा आहे. मुंबईत समुद्री वारा दुपारी किती वाजता आत शिरतो यावर सगळं. उशीर झाला तर ३७ गाठेल. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेसाठी ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असे दोन्ही निकष लागतात, तेव्हा आकड्यावर नजर ठेवा.

गुरुवारपासून भांडण. खंडित वाऱ्यांची रेषा (पश्चिमेची कोरडी आणि पूर्वेची दमट हवा जिथे भिडते ती) जीएफएस हे अमेरिकन मॉडेल मराठवाड्यावर ओढतंय, युरोपियन मॉडेल विदर्भावर. जीएफएस खरं ठरलं तर शुक्रवार-शनिवारी सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या पूर्व भागात दुपारनंतर मेघगर्जना, एखाद्या ठिकाणी गारा. युरोपियन खरं ठरलं तर आपण कोरडे आणि मजा नागपूरकरांची. माझा कल युरोपियनकडे, कारण जीएफएसची रेषा प्रत्येक नव्या रनमध्ये (गणनेच्या फेरीत) पूर्वेला सरकतेय.

खरं तर इथे ८५० आणि ७०० चे नकाशे शेजारी मांडून रेषेचा माग काढणार होतो, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. नकाशे कशाला? लोणावळा, पुणे, दौंड, सोलापूर, लातूर अशी आपल्या लोकांची हवामान स्टेशनं ओळीने आहेतच. प्रत्येकाने दुपारी अडीचचा दवबिंदू कळवला (हवामान खात्याच्या निरीक्षणाचीही तीच वेळ), तर ज्या दोन गावांमध्ये आकडा एकदम उडी मारेल तिथे रेषा. मॉडेल काय म्हणतं याची वाटच बघायला नको. फक्त सगळ्यांचे सेन्सर कोरड्या टोकाला तपासलेले हवेत, नाहीतर जी उडी दिसेल ती रेषेची नसून कोणाच्या तरी जुन्या सेन्सरची असेल.

तेव्हा बुधवारपर्यंत मॅग्नेशियम क्लोराईडची बरणी, नाहीतर निदान ओल्या बल्बचं एक वाचन उरका आणि फरक किती ते कळवा. दौंड आणि लातूरवाल्यांनी तर नक्कीच, मधली जागा तुमचीच आहे. गुरुवारी सकाळी मुंबई आणि नागपूरच्या साडेपाचच्या हवामान-फुग्यांचे स्क्यू-टी (उंचीनुसार तापमान आणि दवबिंदू दाखवणारे आलेख) बघून शुक्रवारचं काय ते सांगतो.