एप्रिलची फूट: ऐरोलीच्या गच्चीवरच्या द्राक्षवेली, चौथं वर्ष

यंदाची खरड छाटणी, म्हणजे काड्या अगदी आखूड करण्याची उन्हाळी छाटणी, रविवारी, २२ मार्च २०२६ ला झाली. पाडवा होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते आणि गुढीची काठी अजून गच्चीतच होती. मांडवाचा एक बांबू कुजला होता, त्याच्या जागी तीच बांधली.

तारीख आधी सांगतेय, कारण या वर्षी माझा सगळा भर तारखेवर आहे. गेल्या वर्षी मी नाशिककडच्या वेळापत्रकाने चालले आणि २० एप्रिलला छाटणी केली. फूट दृष्ट लागण्यासारखी आली. पण पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यांत, म्हणजे पेरांवरच्या अंकुरांत, सूक्ष्म घड तयार होतात आणि तेव्हा काडीला भरपूर ऊन लागतं. माझ्या वेलींचे ते दिवस ३० मे ते १९ जून असे निघाले, म्हणजे ऐन ढगाळीत. ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केली तर काड्या जोमाने फुटल्या, पण घड जिरलेले. जिथे घड दिसायला हवा तिथे नुसत्या बाळ्या, आधाराला गुंडाळणारे वेलीचे तंतू. फेब्रुवारीत तास-ए-गणेशचे दोन घड हाती आले. दोनच.

निफाडला मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आमचा माल मार्चपर्यंत वेलीवर असतो, म्हणून आम्ही एप्रिलात छाटतो. तुला तशी अडचण नाही. कोकणात राहतेस पोरी, पावसाच्या आधी काडीला ऊन दाखव." म्हणून यंदा मार्च. हिशोबाने चाळिसावा दिवस १ मेला येतो आणि साठावा २१ मेला. ऐरोलीत या तीन आठवड्यांइतकं कडक ऊन वर्षभरात क्वचितच मिळतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वेली दोन, दोन्ही २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये. एक बंगलोर ब्लू, दुसरी डॉगरिज खुंटावर (मुळांसाठी वापरतात ती काटक जात) कलम केलेली तास-ए-गणेश. हे दुसरं वाण थॉमसन सीडलेसमधूनच तासगाव भागात निवडलेलं. थंड देशांत हिवाळ्याच्या झोपेतून वेल वसंतात आपोआप जागी होते. आपल्याकडे तिला अशी झोपच नाही. छाटलं नाही तर शेंड्याकडचे दोन-चार डोळे फुटतात आणि बाकीचे तसेच बसून राहतात. म्हणून एप्रिलात काडी एक-दोन डोळ्यांवर आखूड करायची आणि ऑक्टोबरात फळासाठी पुन्हा छाटायचं.

छाटणीआधी ओलांड्यावरची, म्हणजे मांडवावर पसरलेल्या जाड जुन्या फांदीवरची, मोकळी साल काढली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बोथट सुरीने सालीची एक पट्टी उचलली तर खाली पिठ्या ढेकणाची (रस शोषणारी पांढरी कीड) कापसासारखी रांग आणि तिच्या कडेने मुंग्यांची ये-जा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढलं. साल गच्चीवर न ठेवता पिशवीत बांधून लगेच खाली कचऱ्यात दिली.

मग १ टक्का बोर्डो, हे बुरशी रोखणारं मिश्रण. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत विरघळवायचे, धातूचं भांडं नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतायचं, सतत ढवळत. आभाळी रंग आला की एक स्वच्छ लोखंडी खिळा त्यात बुडवायचा. माझ्या खिळ्यावर पहिल्या खेपेला तांबूस थर चढला, म्हणजे तांबं अजून मोकळं होतं आणि कोवळी फूट जळली असती. चमचाभर चुन्याची निवळी आणखी घातली, दुसरा खिळा घेतला, तो जसाच्या तसा बाहेर आला. तेव्हाच फवारलं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

३१ मार्चला, नवव्या दिवशी, पहिला डोळा फुटला. तो बंगलोर ब्लूचा होता. वरची तपकिरी टोपी बाजूला सरकली होती आणि आत पांढरी लव, तिच्या कडेला गुलाबी रेघ. हिची कोवळी पानं मखमलीसारखी लागतात. तास-ए-गणेशची फूट दोन दिवसांनी आली, ती गुळगुळीत, पोपटी, तकतकीत. संध्याकाळी बॅटरी घेऊन उडद्या हा छोटा भुंगेरा शोधते, कारण तो फुगलेला डोळाच कुरतडतो. अजून तरी सापडलेला नाही.

१२ एप्रिलला विरळणी केली, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे. तास-ए-गणेशवर ४३ फुटी मोजल्या. एकेका डोळ्यातून जुळी फूट होती, काही तर थेट जुन्या लाकडातून निघालेल्या. आधीची तीन वर्षं माझा हातच धजावला नाही, पंधरा-वीस फुटी काढून थांबत होते. या वेळी १८ ठेवल्या. चार-पाच पानांवर असताना फूट बुडाशी बोटाने बाजूला दाबली की टच्कन निघते, कात्री लागत नाही. खाली लोंबणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या, काडेपेटीच्या काडीसारख्या बारीक अशा सगळ्या काढल्या. दोन फुटी फारच जाड होत्या, इतरांच्या दुप्पट उंच. मन होत नव्हतं, तरी त्याही काढल्या. असल्या मातलेल्या काडीत घड कमी धरतो आणि शेजारच्या काड्या तिच्या सावलीत राहतात. मधल्या जाडीच्या, सरळ वर जाणाऱ्या ठेवल्या, दोघींत चार बोटं अंतर. सासूबाई पाटीत जमलेली कोवळी फूट बघून हळहळल्या, "एवढी आलेली, अन् तोडायची?" त्यांना म्हटलं, पुढच्या फेब्रुवारीचे घड या अठरांच्या पोटात बसायचे आहेत, त्यांना जागा हवी.

पाण्याचं थोडक्यात. छाटल्यावर पानंच नसतात, म्हणून पहिला आठवडा निम्मं पाणी, मग फुटीबरोबर वाढवत नेलं. गच्चीची लादी तापते, त्यामुळे ड्रम विटांवर उचलले आहेत. वर रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड पसरलं आहे. आधी दोनदा धुऊन कडकडीत वाळवा, नाहीतर गोडव्याला मुंग्या येतात आणि त्यांच्यामागे पिठ्या ढेकूण. शेणखत छाटणीवेळीच दिलं. १ मेपासून नत्र बंद, पाणी थोडं कमी, आणि झिरो बावन्न चौतीस (स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा पानांवर.

आज, १९ एप्रिल, अठ्ठाविसावा दिवस. अकरा काड्यांना सात-आठ पानं झाली, त्यांचे शेंडे मारले. आता शेंड्याजवळच्या डोळ्यातून निघेल ती सबकेन, म्हणजे पुढची उपकाडी, ठेवायची, बाकी बगलफूट खुडायची. उरलेल्या सात काड्या पाच-सहा पानांवर आहेत, त्यांची पाळी बुधवार-गुरुवारी येईल. दुपारी बारा वाजता मांडवाखाली जाऊन बसले होते. गेल्या वर्षी तिथे गर्द सावली असायची आणि मला तिचंच कौतुक होतं. आज लादीभर कवडसे होते, रुपयाएवढे, वाऱ्याबरोबर सरकणारे.