तीन ओळींची रिक्वायरमेंट आणि डेअरीचं अ‍ॅप

मी अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाईन करते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं ते, जसाच्या तसा सांगते. "दूध उत्पादकांसाठी अ‍ॅप. दूध, पेमेंट सगळं दिसलं पाहिजे. सोपं ठेवा." संपलं. क्लायंट म्हणजे डेअऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक छोटी कंपनी. मी शहाण्यासारखी 22 प्रश्नांची एक्सेल शीट पाठवली, आठवड्याने परत आली तेव्हा चारच उत्तरं भरलेली आणि त्यातली तीन "तुम्ही ठरवा".

मला आधी राग यायचा अशा लोकांचा. आता नाही येत, कारण त्यांना खरंच माहीत नसतं, म्हणजे माहीत असतं पण प्रश्न विचारून ते बाहेर येत नाही. समोर काहीतरी चुकीचं ठेवलं की मात्र माणूस लगेच बोलायला लागतो. म्हणून मी हल्ली उत्तरांची वाट बघत नाही, स्वतःच धरून चालते आणि जे जे धरलंय ते स्क्रीनच्या बाजूला पिवळ्या चौकटीत लिहून टाकते: "एका सभासदाचं एकच खातं असं धरलंय", "बिल दर 10 दिवसांनी असं धरलंय". आणि हे सगळं काळंपांढरं, पेन्सिलने काढल्यासारखं. फिग्मात, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, रंगबिंग भरून गुळगुळीत करून नेलं की मीटिंगचा अर्धा तास हिरवा कुठला यावर जातो, अनुभव आहे.

दुसरं म्हणजे आत खोटं का होईना पण खऱ्यासारखं भरायचं. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, नाही. मी सकाळच्या संकलनाच्या स्क्रीनवर लिहिलं होतं 8.5 लिटर, फॅट 4.8. प्रिंट घेऊन पहाटे साडेपाचला एका गावच्या संकलन केंद्रावर गेले, तिथल्या सचिवांनी कागद हातात घेतला आणि पहिलंच वाक्य: "मॅडम, हे गायीचं का म्हशीचं? गायीला जास्त होतंय, म्हशीला कमी." गायीचा दर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो, म्हशीचा 6 आणि 9 वर. आणि एकाच घरातून दोन्ही किटल्या येतात! माझ्या अख्ख्या डिझाईनमध्ये गाय-म्हैस हा प्रकारच नव्हता. 22 प्रश्नांतही नव्हता बरं का. त्या खोट्या 4.8 मुळे कळलं.

मग तासभर नुसती कोपऱ्यात उभी राहिले. रांगेत कोणी नाव सांगतच नाही, सभासद नंबर सांगतात. "एकशे चौदा", किटली पुढे, मशीनवर फॅट, पावती, पुढचा. मी केंद्राच्या स्क्रीनला वर मस्त नावाने सर्च दिला होता, तो तिथेच मनातल्या मनात खोडला आणि मोठ्ठे आकडे टाकले, कारण मापं घेणाऱ्या पोराचा हात सतत ओला, ओल्या बोटाला टचस्क्रीन धड दाद देत नाही त्यामुळे जितके टॅप कमी तितकं बरं. ऑफिसात एसीत बसून आम्ही बटण किती पिक्सेलचं यावर भांडत होतो.

सगळ्यात लाडका होता तो फॅटचा ग्राफ, महिनाभराची एक सुंदर रेघ. खरा डेटा टाकला तर करवतीसारखे दाते! सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंतचं अंतर रात्रीपेक्षा कमी असतं, म्हणून संध्याकाळच्या दुधाला फॅट बऱ्याचदा जरा जास्त लागते, हे तिथल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, फक्त ब्रीफमध्ये कोण लिहिणार. त्या ग्राफकडे बघून शेतकऱ्याला मशीनच बिघडलंय वाटलं असतं, आणि फॅटच्या मशीनवरचा विश्वास हा आधीच नाजूक विषय. सकाळ-संध्याकाळ वेगळं केलं, ग्राफ आत ढकलला, वर फक्त आजची फॅट, दर आणि चालू बिलाची बेरीज.

आता प्रत्येक वेळी हे जमतं असं नाही. 2024 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं आणि त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर नोंदवायची भानगड आली. माझ्या स्क्रीनवर सभासद होता, दूध होतं, जनावर कुठेच नव्हतं. तिथे माझ्या पिवळ्या चौकटींचा काही उपयोग झाला नाही, सरळ मोडून परत बांधलं आणि तीन आठवडे गेले. क्लायंट म्हणे, "एक फील्डच तर वाढवायचंय."

एक गोष्ट मात्र अजून लटकलीये. पेंडीची पोती, उचल, सगळं बिलातून कापलं जातं आणि कधीकधी 10 दिवसांचं बिल चक्क उणे निघतं. मी ते लाल रंगात दाखवलं होतं, ठळक, जसं बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतं. सचिव म्हणाले, "रांगेत शेजारचा डोकावतो हो फोनमध्ये." काळं करून बारीक केलं तर म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, टॅप केल्यावरच दाखवलं तर लपवल्यासारखं वाटतं. क्लायंटला विचारलं. "तुम्ही ठरवा." तीन पर्याय काढून ठेवलेत, येत्या बिलाच्या दिवशी परत केंद्रावर जाऊन उभी राहणारे.