“गेलं कुठं हुतं?”

मी इंग्रजी-मराठी दुभाषाचं काम करते. पाणलोट, शेती, आरोग्य असले विषय असतात. देणगीदार संस्थेचे पाहुणे येतात, गावकरी जमतात आणि मधे बसून मी एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवते. गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गावी अशीच बैठक होती. गावालगतच्या माळावर झाडं लावायची होती, खड्ड्यांच्या खुणा आधीच टाकून झाल्या होत्या.

पाहुण्यांपैकी एक बाई माळाकडे हात करून म्हणाल्या, की आम्हाला इथलं जंगल परत आणायचं आहे. इंग्रजी बोलताना शब्द त्यांनी ‘जंगल’च वापरला, फक्त उच्चार त्यांचा. मराठीतही तो तसाच आला.

पुढच्या रांगेत एक वयस्क मेंढपाळ बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी विचारलं, “परत आणायचं? गेलं कुठं हुतं?”

मी ते भाषांतरित केलं. पाहुण्यांना वाटलं, आबांना ऐकू गेलं नसावं. मग आबा काठीनं माळ दाखवत म्हणाले, “ह्येच जंगल हाय की ताई. माझ्या आज्यापास्नं मेंढरं हितंच चरत्यात.” शेजारच्या पोरानं भर घातली, “फारेष्टचा माळ हाय त्यो.”

आता त्या माळावर नजर टाकली तर काय दिसतं? दूरदूर एकेक हिवर, बोरीची आणि हेंकळाची झुडपं, मधे तरवड, आणि बाकी सगळं वाळून पिवळं पडलेलं गवत. ‘जंगल’ म्हटल्यावर पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे वेलींनी गच्च भरलेलं, ऊनही आत न शिरणारं अरण्य येत होतं. खरं सांगायचं तर शहरात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्याही डोळ्यांपुढे तेच येतं. आणि या बाबतीत आबा शब्दाच्या मुळाशी आपल्या सगळ्यांपेक्षा जवळ होते.

जेवणाच्या सुट्टीत मी पाहुण्यांना फोनवर हॉब्सन-जॉब्सन उघडून दाखवला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा हा १८८६ सालचा कोश. त्यात ‘जंगल’ शब्दाचं मूळ हिंदुस्थानी आणि मराठी असं दिलेलं आहे आणि पुढे स्पष्ट म्हटलंय, की इथल्या लोकांच्या भाषेत त्याचा काटेकोर अर्थ केवळ न कसलेली जमीन. मग झुडपं-गवत वाढलेली तसली जमीन, आणि दाट रानाचा अर्थ त्यानंतर, इंग्रजांच्या बोलण्यात आला. कोशात हॅलहेड या इंग्रजानं भाषांतरित केलेल्या १७७६ सालच्या हिंदू कायदेसंग्रहातलं एक उदाहरण आहे. तिथे पाच वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटलंय. झाडाचा उल्लेखही नाही.

त्याच्याही मागे गेलं तर संस्कृत ‘जांगल’. सुश्रुतानं जांगल देशाचं वर्णन केलंय ते वाचून मी पूर्वीच थक्क झाले होते. आकाशासारखा मोकळा सपाट प्रदेश, तुरळक काटेरी झाडं, पाऊस बेताचा, वारा उष्ण आणि कठोर, माणसं सडपातळ पण काटक. चरकानं तिथे खैर, धावडा, बोर सांगितलेत, लावे-तितर सांगितलेत, मृगजळसुद्धा सांगितलंय. याच्या उलट तो आनूप देश: पाण्याचा, दाट झाडीचा. म्हणजे ज्याला आज जगभर ‘जंगल’ म्हणतात ते आयुर्वेदाच्या हिशेबानं आनूपाच्या बाजूचं. मनुस्मृती तर राजाला जांगल देशातच राहा म्हणून सांगते. बिकानेरचे राजे स्वतःला जंगलधर म्हणवून घेत, ते त्यांच्या कोरड्या मुलखावरूनच. हे सगळं इंग्रजीतून सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण पाहुण्या बाईंनी जेवण थांबवून वहीत लिहायला सुरुवात केली.

‘फारेष्ट’चंही तसंच आहे. इंग्लंडात जुन्या कायद्यात तो शब्द राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनीला लागे, मग तिथे झाडी असो वा नसो. डार्टमूरचा उघडा डोंगरमाथा आजही कागदोपत्री ‘फॉरेस्ट’ आहे. बिनझाडाच्या माळाला ‘फारेष्ट’ म्हणणारा तो पोरगा अगदी बरोबर बोलत होता.

दुपारी उन्हातच आबा आम्हाला माळावर घेऊन गेले. कुसळं पाहुण्यांच्या मोज्यांत घुसली, दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं. एका ताटव्यापाशी आबांनी काठी आडवी धरून सगळ्यांना अडवलं. उघड्या जमिनीवर, जुन्या लेंड्यांच्या मधे, धाविक या माळरानातल्या पक्ष्याची दोन अंडी होती. घरटं असं काही नाहीच. मातीच्या रंगाची, गडद ठिपक्यांची, दाखवूनही पटकन दिसेनात. आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर खड्ड्यासाठी टाकलेली फक्कीची पांढरी खूण. पुढच्या उतारावर खोकडाचं बीळ होतं, तिथून सलग समतल चराची, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडव्या खणायच्या चराची, आखणी गेली होती.

बाई बराच वेळ वाकून अंडी पाहत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, की यांना विचारा, इथे नेमकं काय वाढायला हवं. आबांना विचार करावा लागला नाही, त्यांनी दोन गवतांची नावं घेतली. “पवना. मारवेल. पाऊस झाला की आपसूक उगवतंय, फकस्त चार महिनं जित्राब आत सोडू नका. आमी बी सोडत न्हाय मग.” चराईबंदी स्वतःच्या मेंढरांवर घालून घ्यायला तयार असलेला मेंढपाळ त्या दिवशी पाहुण्यांनी पहिल्यांदा ऐकला असेल.

लागवड पूर्ण रद्द झाली असं नाही. गावठाणाच्या कडेला आणि ओढ्याकाठी झाडं लावायचं ठरलं, आणि ते योग्यच आहे. माळावरचे खड्डे मात्र थांबले; यंत्र आलं नाही. सरकारी नकाशात असल्या झुडपी जमिनी ‘पडीक’ या सदराखाली येतात, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरं कुणी खड्ड्यांचा बेत घेऊन येईलच. म्हणून बैठकीच्या इतिवृत्ताचं इंग्रजी करताना मी आबांची सगळी गवतं नावानिशी घातली, आणि सुश्रुताचा तो उतारा जोडपत्र म्हणून लावला. पाहुण्या बाईंनी ते वनखात्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे, पवना तेव्हा फुलोऱ्यावर असतो.