यंदा घाई केली नाही

ऑक्टोबर लागला की मी रोज सकाळी चहाच्या आधी भिंग घेऊन परसात जातो. सोनाराकडे असतं तसलं, डोळ्याला लावायचं. चार झाडं आहेत गांजाची. इथे कॅनडात, ओंटारियो प्रांतात, एका घराला तेवढीच चालतात, 17 ऑक्टोबर 2018 पासून कायद्यानेच परवानगी आहे (क्युबेकमध्ये मात्र घरी एकही लावता येत नाही). आणि भारतात विनापरवाना लावणं एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या मित्रांनी हे नुसतं वाचावं, करू नये.

पहिल्या वर्षी काय झालं, कळ्यांवरचे पांढरे केस तपकिरी व्हायला लागले, त्यात हवामानवाले म्हणाले रविवारी पहाटे दव गोठणार, आणि मी शनिवारी चारही झाडं बुडापासून कापून टाकली. उन्हाळाभर पाणी घातलं होतं, एकेक पान निरखलं होतं, आणि हातात काय आलं तर गवताच्या वासाचा हलका माल. फार वाईट वाटलं.

नंतर कळलं की केसांचा रंग ही अर्धवट खूण आहे, पाऊस वारा लागला तरी ते तपकिरी होतात. खरी खूण कळीवरच्या ट्रायकोममध्ये. भिंगातून बघितलं तर बारीक देठावर काचेचा थेंब बसवल्यासारखे दिसतात, आणि झाडाचा सगळा जोर त्या थेंबात असतो. तिथे टीएचसीए नावाचं द्रव्य तयार होतं, त्याला उष्णता लागली की टीएचसी होतं, म्हणजे नशा आणणारं द्रव्य. थेंब पाण्यासारखा पारदर्शक असेल तर अजून भरायचाय. दुधासारखा पांढरट झाला की साधारण भरला. मग हळूहळू मधाच्या रंगावर जातो, म्हणजे उतार लागला, टीएचसी मोडून सीबीएन नावाचं दुसरं, कमी जोराचं द्रव्य व्हायला लागतं (सुकवल्यावर उजेडात आणि हवेत ठेवलं तरी तेच होतं, म्हणून बरणी अंधारात). मधाळ रंगावर कापलं की गाढ झोप येते असं बरेच जण छातीठोक सांगतात, पण त्याला पक्का पुरावा नाही, मी तरी त्यावर कापणी ठरवत नाही. आणि बियाण्यातच जोर नसेल तर कितीही थांबा, वेळ साधून फक्त आहे तेवढं पदरात पडतं.

एक चूक मात्र टाळा. कळीतून डोकावणाऱ्या छोट्या पानांवरचे थेंब आधी पिकतात, तिथे बघून फसू नका, कळीवरच बघा. वरची कळी आणि सावलीतली खालची यांच्यातही सात आठ दिवसांचा फरक पडतो, म्हणून मी आता दोन वेळा कापतो.

आमच्याकडे सांगली भागात हळदीचं असंच. पाला पिवळा पडून वाळल्याशिवाय आजोबा कुदळ लावू द्यायचे नाहीत, आठ नऊ महिने राखलेलं पीक शेवटच्या पंधरा दिवसांसाठी कशाला घालवता म्हणायचे. तासगावचे द्राक्षवाले पण साखर मोजल्याशिवाय घडाला कात्री लावत नाहीत. हे सगळं बघत मोठा झालो आणि इथे येऊन कॅलेंडर बघून कापलं, याचंच जास्त वाईट वाटलं.

पण नुसतं थांबूनही भागत नाही. इथे ऑक्टोबरात पहाटे दव, दुपारी पाऊस, आणि जाड कळीच्या आत करडी बुरशी धरते. बाहेरून हिरवीगार दिसते, एखादंच पान सुकलेलं, ते ओढलं की अलगद हातात येतं, आणि कळी फोडली तर आत सगळं तपकिरी भुसभुशीत. गेल्या वर्षी सगळ्यात मोठी कळी अशी फेकावी लागली. बुरशी लागलेलं वापरायचं नाही, थोडंसंच आहे म्हणून पण नाही. पावसाचा आठवडा समोर असेल तर थोडे थेंब पारदर्शक असतानाच कापलेलं परवडलं.

यंदाचा माल जोरदार असणार, म्हणून घरात बजावून ठेवलंय, गेल्या वर्षीच्या अंदाजाने कोणी घ्यायचं नाही. दुकानातल्या खायच्या पाकिटात जास्तीत जास्त 10 मिलीग्रॅम टीएचसी असतं, गांजा घालून केलेल्या घरच्या तुपात किती उतरलंय ते कोण मोजणार. बरण्या कुलपात, पोरं आहेत घरात.

काल वरच्या फांद्या कापल्या, बहुतेक थेंब दुधी, मधे मधे एखादा मधाळ. खालच्या अजून काचेसारख्या आहेत. आज रात्री पारा शून्याजवळ जाणार म्हणतायत, आत्ताच हिने आणि मी मिळून जुनी चादर टाकून आलो त्यांच्यावर.