योएलची टोळधाड आणि न सांगितलेलं पाप

जुन्या करारात योएल ह्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे, अगदी छोटं, आपल्या बायबलमधे तीन अध्याय (यहुदी लोकांच्या हिब्रू प्रतीत तेच चार करतात), आणि पश्चात्तापावर संदेश द्यायचा असला की पाळक लोक हमखास ह्याच पुस्तकाकडे येतात. पण ते पुस्तक एकदा सलग बसून वाचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा आणि मला दाखवा की लोकांनी नेमकं काय पाप केलं होतं म्हणून टोळ आले. नाही सापडणार. मूर्तिपूजा केली असं नाही, गरिबांना लुबाडलं असंही नाही, कुणा राजाचं नावसुद्धा नाही, म्हणून तर हे पुस्तक कधीचं यावर अभ्यासकांचं एकमत होत नाही, कुणी इ.स.पू. नववं शतक म्हणतं तर कुणी थेट चौथं.

जे आहे ते फक्त संकट. टोळांची चार वेगवेगळी नावं एका दमात येतात, एकाने सोडलं ते दुसऱ्याने खाल्लं, दुसऱ्याने सोडलं ते तिसऱ्याने. द्राक्षवेल गेली, अंजिराची साल सोलून पांढरी पडली, डाळिंब, खजूर, सगळं वाळलं. बी ढेकळांखाली कुजलं, कोठारं ओस पडली, देवळात अर्पण करायला पीठ नाही की द्राक्षारस नाही. आणि गुरं हंबरतायत, कळप चारा नाही म्हणून सैरभैर झालेत. दारुड्यांना सुद्धा योएल हाक मारतो, जागे व्हा आणि रडा म्हणतो, आणि इथे कुठलाही उपदेशक असता तर त्यांना व्यसनावरून चार शब्द सुनावल्याशिवाय पुढे गेला नसता, पण योएल त्यांना एवढंच सांगतो की तुमचा नवा द्राक्षारस गेला हो. बस. त्यांचं जे गेलं त्यासाठी तो त्यांना रडायला बोलावतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर १९१५ साल बघा. त्या वर्षी मार्चपासून पॅलेस्टाइनवर, म्हणजे ह्याच भूमीवर, टोळधाड आली, तेव्हा तिथे तुर्कांचं ऑटोमन राज्य होतं आणि महायुद्ध चालू होतं. यरुशलेमच्या आसपास झाडांना पान राहिलं नाही. सरकारने पुरुषांना टोळांची अंडी किलोंनी गोळा करून आणायची सक्तीच केली होती. आणि मे २०२० मधे आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यात वरुड मोर्शीकडे आणि नागपूरकडे काटोलला, वाळवंटी टोळांच्या झुंडी आल्या, लोक डबे ताटल्या वाजवत होते, धूर करत होते, फायर ब्रिगेडच्या गाड्यांनी रात्री झाडांवर औषध फवारलं जात होतं. तेव्हा लॉकडाऊन पण होताच. आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर मला योएलच्या ओळी लावलेले व्हिडिओ यायला लागले, की बघा देशाच्या पापामुळे देवाने टोळ पाठवले, आधी रोग मग टोळ, आता तरी शुद्धीवर या. मला फार लागलं ते. ज्याच्या संत्र्याच्या बागेवर झुंड बसलीये त्याला तू पापी म्हणून हे झालं असं सांगायला योएल वापरायचा? जो योएल स्वतः ते एकदाही बोलत नाही?

आता कुणी म्हणेल, अहो पण तो पश्चात्ताप करा म्हणतोच की. म्हणतो ना! पूर्ण मनाने माझ्याकडे वळा, उपास करा, रडा, कपडे फाडू नका तर काळीज फाडा, दुसऱ्या अध्यायातलं हे वाक्य तर सगळ्यांना पाठ आहे, कॅथलिक मंडळी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, दरवर्षी हेच वाचन ऐकतात. आणि टोळांना तो परमेश्वराचं सैन्य म्हणतो, देवाला त्यातून बाजूला काढत नाही, हे पण खरं, मी ते झाकणार नाही. पण वळायचं कारण काय देतो ते बघा. तुम्ही वाईट आहात म्हणून वळा असं नाही, तो कृपाळू आहे, कनवाळू आहे, पटकन रागावत नाही, दयेने भरलेला आहे म्हणून वळा. हे शब्द योएलचे स्वतःचे नाहीतच, ते बायबलच्या निर्गम ह्या पुस्तकातले जुने शब्द आहेत, सोन्याचं वासरू करून लोकांनी देवाला पाठ दाखवली त्यानंतर मोशेपुढून जाताना परमेश्वराने स्वतःबद्दल सांगितलेले. म्हणजे लोक सगळ्यात जास्त घसरले त्या वेळचं हे बोलणं, तेच योएल टोळांच्या वर्षी पुन्हा काढतो.

आणि मग तो म्हणतो, कोण जाणे, कदाचित तो वळेल. मला ह्या पुस्तकात सगळ्यात जास्त हेच आवडतं. उपास केला की पाऊस आलाच पाहिजे असा हिशोब तो मांडत नाही. निनवेचा राजा पण योनाच्या पुस्तकात अगदी हेच म्हणतो, कोण जाणे, आणि तो तर परका, अश्शूरचा, इस्राएलचा वैरी. तिथे पश्चात्तापाची खूण म्हणून गुरांना पण गोणपाट नेसवलंय. निनवेला नाशाचा इशारा द्यायला पाठवलेला संदेष्टा योना चिडतो कारण त्याला माहीत होतं, देव कनवाळू आहे, मंदक्रोध आहे (पुन्हा तीच ओळ! पण इथे तक्रार म्हणून), तो ह्यांना सोडून देणार. योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सिनेगॉगमधे (त्यांच्या प्रार्थनामंदिरात) योनाचं अख्खं पुस्तक वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी, त्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचे, दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास करायचे.

हो, आमोस हा दुसरा संदेष्टा वेगळा आहे, हे सांगितलंच पाहिजे. आमोस पाप नावानिशी सांगतो. चौथ्या अध्यायात भूक, दुष्काळ, तांबेरा आणि टोळ, मरी, विध्वंस, एकेक संकट मोजत जातो आणि पाच वेळा तेच म्हणतो, तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. पण तो कुणाला बोलतोय? इस्राएलची राजधानी शोमरोन, तिथल्या ऐषारामी लोकांना, जोड्याच्या किमतीला गरीब विकणाऱ्यांना. आणि तोच आमोस सातव्या अध्यायात दृष्टान्तात टोळ हिरवं खाताना बघतो तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो, तर क्षमा कर प्रभू, याकोब (म्हणजे इस्राएल लोक) कसा टिकेल, तो लहान आहे. आणि देवाचं मन बदलतं. तकोवाचा हा गुराखी, उंबराची झाडं राखणारा, त्याला शेतातलं हिरवं जाणं म्हणजे काय ते कळत होतं. संकटावर बोलायचा हक्क असलाच तर अशा माणसाला आहे, जो आधी देवापुढे त्या लोकांच्या बाजूने उभा राहिला.

योएलमधे पण याजकांना तेच काम दिलंय. देवडी आणि वेदीच्या मधे उभे राहून रडा आणि म्हणा, परमेश्वरा तुझ्या लोकांची गय कर. लोकांकडे तोंड करून दटावा असं सांगितलेलं नाही. त्या सभेत म्हातारे बोलावलेत, अंगावर पिणारी बाळं बोलावलीत, नवरा नवरीला खोलीतून बाहेर यायला सांगितलंय. अंगावर पिणाऱ्या बाळाने कसलं पाप केलं असणार? तरी ते पण सगळ्यांबरोबर आहे, कारण पीक गेलं तेव्हा भूक त्यालाही लागणार आहे.

त्यानंतर देवाला आपल्या देशाची कीव येते, आणि धीर द्यायचा क्रम असा आहे की पहिल्यांदा जमिनीला सांगितलं जातं भिऊ नकोस, मग रानातल्या जनावरांना, आणि माणसांचा नंबर तिसरा. आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस, खळी धान्याने भरतील, आणि मग ते वाक्य, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी तुम्हाला भरपाई करून देईन. वर्षांची म्हणतो, एका हंगामाची नाही. संत्र्याचं झाड लावल्यावर पहिला बहार धरायला पाच सहा वर्षं जातात, तोवर त्या शेतकऱ्याने पाणी, खत, कर्ज सगळं ओतलेलं असतं, म्हणून वर्षांची भरपाई हे शब्द वरुडच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाहीत. पुढच्या वेळी कुणाला योएल फॉरवर्ड करायचाच असेल तर दुसऱ्या अध्यायातलं हे पंचविसावं वचन करा, आणि त्याच्याबरोबर त्या घरी जाऊन पण या.