उन्हाळ्यातील व्यायाम : केवळ पाण्यावर भिस्त नको

उन्हाळ्यात खेळणाऱ्याला किंवा धावणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘भरपूर पाणी प्या’. हा सल्ला योग्यच आहे. पण त्याचा इतका घोष होतो की उष्णतेची शरीराला हळूहळू सवय करून देण्याची गरज मागे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते आणि कडक उन्हात ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावताना पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता व त्यामुळे घामाची वाट अडली, असे सांगितले जाते. दमट हवाही जवळजवळ हेच करते, कारण घाम निथळतो खरा, पण वाळत नाही. त्यामुळे नुसता तापमानाचा आकडा पाहून व्यायामाची वेळ ठरवणे मला अपुरे वाटते. आर्द्रता, वारा आणि थेट ऊन यांचाही विचार व्हायला हवा.

शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून वाया जाणारे मीठ कमी होते. सुट्टीनंतर एकदम पूर्ण सराव सुरू करणाऱ्यांना सर्वाधिक धोका असतो तो याच पहिल्या दिवसांत. सुरुवातीला वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत, हेल्मेट आणि पॅडसारखी जड साधने काही दिवसांनीच चढवावीत. ताप किंवा जुलाब असताना तर मैदानावर जाऊच नये. वाळून टणक झालेल्या जमिनीवर घोटे व गुडघे अधिक हादरे सोसतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता पाण्याविषयी. व्यायामाआधी आणि नंतर वजन करावे. ते दोन टक्क्यांहून अधिक घटले असेल तर पाणी कमी पडले. वाढले असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायले गेले. अतिरेकाने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि दीर्घ अंतराच्या धावपटूंच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते.

खेळाडू असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर उष्माघात गृहीत धरावा. त्वचा कोरडी पडेपर्यंत वाट पाहणे घातक आहे, कारण श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात रुग्ण घामाने डबडबलेला असू शकतो. शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असल्याने रुग्णवाहिका बोलावतानाच त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवावे आणि डोके पाण्यावर राहील याची काळजी घ्यावी. तशी सोय नसल्यास अंगावर सतत थंड पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्याला तोंडाने काहीही पाजू नये. बरे वाटले तरी किमान आठवडाभर व्यायाम बंद ठेवून, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच तो पुन्हा सुरू करावा. प्रशिक्षक किंवा सहखेळाडू कितीही आग्रह करोत.